परदेशातलं शिक्षणाचं वर्ष संपवून परतताना: आधी काय आवरायचं?

पैलतीर:

एक्स्चेंजचं वर्ष संपत आलंय. हातात सहा आठवडे आहेत, त्यातच शेवटच्या परीक्षा. परतल्यावर लगेच मूळ विद्यापीठात पुढचं सेमिस्टर सुरू. परदेशी जाताना काय करायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात, पण परतीबद्दल ‘बॅग भरा आणि या’ यापलीकडे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून धागा काढतेय.

इथे केलेले विषय मूळ विद्यापीठात धरले जावेत म्हणून निघण्याआधी कोणते कागद हातात हवेत? खोली, बँक खातं, इथला फोन नंबर हे कोणत्या क्रमाने बंद करायचं? प्रवास पश्चिमेकडून पूर्वेला, वेळेत आठ तासांचा फरक, आणि पोचल्यावर चौथ्या दिवशी वर्ग. झोपेचं गणित कसं बसवायचं? आणि शेवटचं: वर्षभर आपल्या मनाने राहिल्यावर घरी पुन्हा रुळणं जड जातं म्हणतात, त्यात तथ्य किती? ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निशिगंध:

क्रेडिटचं आधी सांगते. त्यातला घोळ सहा महिन्यांनी उघडकीला येतो, आणि तोवर तिथल्या ऑफिसात तुमची फाइल बंद झालेली असते.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (कोणते विषय करणार याचा तुमच्यात आणि दोन्ही विद्यापीठांत झालेला लेखी करार) काढा आणि प्रत्यक्ष ज्या विषयांच्या परीक्षा देताय त्यांच्याशी ओळीने ताडून बघा. विषयाचा कोड, नाव आणि क्रेडिट, तिन्ही जुळलं पाहिजे. वर्षभरात एखादा विषय बदललेला असतोच. कधी वेळापत्रक जमत नाही, कधी जागा भरतात, कधी विषयच रद्द होतो. तो बदल तुमच्या आणि दोन्ही विद्यापीठांच्या सहीने करारात चढला नसेल, तर गुण कितीही चांगले असोत, मूळ विद्यापीठ तो विषय धरायला बांधील राहत नाही. बदलाचा फॉर्म याच आठवड्यात भरा. परीक्षा संपल्या की सही करणारी माणसं सुट्टीवर जातात आणि मग महिनाभर मेलला उत्तर येत नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. प्रत्येक विषयाची पूर्ण रूपरेषा पीडीएफमध्ये उतरवून ठेवा: तासिका किती, स्वाध्यायाचे तास किती, वाचनाची यादी, मूल्यमापनात परीक्षेला किती टक्के आणि प्रकल्पाला किती. विषयाचं नाव आणि क्रेडिटचा आकडा यावरून मूळ विभागाला काही ठरवता येत नाही, कारण क्रेडिटची मापं वेगवेगळी आहेत. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं एकूण काम धरतात. ब्रिटनमध्ये त्याच वर्षाचे 120 होतात. अमेरिकेत एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास बाहेर, म्हणजे 45 तास. त्यामुळे अमेरिकेतल्या 3 क्रेडिटचा विषय कुणी ईसीटीएसचे 3 म्हणून नोंदवला, तर तुमचं निदान एक तृतीयांश काम पाण्यात जातं. तासांचा हिशेब मांडलेली रूपरेषा हातात असली की हे भांडण दोन मिनिटांत मिटतं. विद्यार्थी लॉगिन बंद झालं की हीच पानं उघडत नाहीत, म्हणून आत्ताच उतरवा. आपण लिहिलेले निबंध, प्रकल्प आणि त्यावरचे शेरेही त्यासोबत ठेवा.

तिसरं, श्रेणीचं कोष्टक. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 ला पास. फ्रान्समध्ये वीसपैकी 10 ला पास, आणि 16 म्हणजे उत्तम. दहाच्या पट्टीवर काम करणाऱ्या कारकुनाला 1.3 दिसलं तर तो ते नापासात टाकेल, त्यात त्याचा दोष नाही. गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला श्रेणीचा खुलासा छापलेला आहे का ते बघा. नसेल तर यजमान विद्यापीठाकडून वेगळं पत्र घ्या. वर्गातल्या किती टक्के मुलांना कोणती श्रेणी मिळाली याचं कोष्टक मिळत असेल तर तेही मागा, रूपांतर करताना त्याचा फार उपयोग होतो.

गुणपत्रक तुम्ही निघेपर्यंत हातात येणार नाही असंच धरून चाला. इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत निकाल लागल्यापासून साधारण पाच आठवड्यांत ते पाठवावं असा नियम आहे. इतरत्र ज्याच्या त्याच्या सोयीने. म्हणून ते कोणाच्या नावाने, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या ईमेलवर जाणार हे लेखी ठरवून या. तुमचा विद्यापीठाचा ईमेल तोवर बंद पडलेला असू शकतो, हे विसरू नका. मोहोरबंद पाकिटात प्रत दिली तर ते पाकीट फोडू नका. फोडलेलं पाकीट म्हणजे नुसती झेरॉक्स.

राहिलं अ‍ॅपोस्टिल. परदेशात कागद दाखवताना त्यावरची सही खरी असल्याचं सांगणारं ते सरकारी प्रमाणपत्र. नुसत्या एक्स्चेंजसाठी बहुतेक ठिकाणी ते लागत नाही. आधी मूळ विद्यापीठाला विचारा, उगीच पैसे घालवू नका. पण पदवी किंवा पदविका तिथलीच असेल आणि ती नोकरीला, परवान्याला दाखवायची असेल, तर अ‍ॅपोस्टिल निघण्याआधी करून घेणं शहाणपणाचं. 1961 च्या हेग कराराप्रमाणे कागद ज्या देशाने दिला, त्याच देशाचं नेमलेलं कार्यालय अ‍ॅपोस्टिल देतं. परतल्यावर तुमच्या देशात ते मिळत नाही. बऱ्याचदा त्याआधी नोटरीची किंवा विद्यापीठाच्या कुलसचिवांची सही लागते, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. अ‍ॅपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं, गुण खरे की खोटे याच्याशी त्याचा संबंध नाही. कॅनडा या करारात 2024 मध्ये आला आणि चीन 2023 च्या शेवटी, त्यामुळे नेटवर या दोन देशांबद्दलची जुनी माहिती वाचून वकिलातीत खेटे घालू नका.

रोजकीर्द:

निशिगंध यांनी कागदांचं नीट सांगितलंय. मी खोली, पैसे आणि फोन यावर लिहितो. या तिन्हींचा एकच नियम: ज्या कामाला तुम्ही स्वतः हजर लागता ते आधी, आणि जे काम करायला पैसे किंवा ओटीपी यावा लागतो ते साधन सगळ्यात शेवटी बंद करायचं. लोक नेमकं उलट करतात. शेवटच्या आठवड्यात सिम तोडतात, खातं बंद करतात आणि डिपॉझिट मात्र अजून यायचं असतं.

खोली. नोटीस लेखी द्या आणि मिळाल्याची पोच घ्या. पुष्कळ करारांत मुदत महिन्याच्या अखेरीपासून मोजतात. एक महिन्याची नोटीस 2 तारखेला दिली तर ती प्रत्यक्षात जवळजवळ दोन महिन्यांची होते. करारातलं ते वाक्य आज वाचा. सोडण्याच्या दिवशी खोली रिकामी आणि पुसून झाल्यावर फोटो काढा: चारही भिंती, खिडकीच्या चौकटी, गादीच्या दोन्ही बाजू, ओव्हनचा आतला भाग, बाथरूमचे सांधे. डिपॉझिटमधून कापतात ते बहुतेक ओव्हन, बाथरूममधला क्षारांचा पांढरा थर आणि भिंतीवरच्या खिळ्यांच्या भोकांसाठी. वीज, गॅस, पाणी यांच्या मीटरचा आकडा आणि मीटरचा क्रमांक एकाच फोटोत यायला हवा, नाहीतर आकडा कुठल्या मीटरचा यावरून वाद होतो. किल्ल्या किती दिल्या त्याची सहीनिशी पावती घ्या. राहायला आलात त्या दिवशीचा तपासणी कागद सोबत ठेवा, आधीचे डाग त्यात लिहिलेले असतात.

नोंदणी आणि ओळखपत्र. जिथे पत्त्याची सरकारी नोंदणी असते तिथे निघताना ती रद्द करावी लागते. जर्मनीत हे घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायचं असतं. मिळणारा दाखला जपून ठेवा. इंटरनेट, जिम, विमा अशी सगळी कंत्राटं मुदतीआधी तोडताना तोच पुरावा लागतो. जपानमध्ये कायमचं निघताना रहिवासी कार्ड विमानतळावर परत द्यायचं असतं.

पगारातून कापलेले पैसे. शिकताना अर्धवेळ नोकरी केली असेल तर हा भाग सोडू नका, यात खरोखर पैसे असतात. ऑस्ट्रेलियात मालकाने निवृत्तीसाठी भरलेली सुपरॲन्युएशनची रक्कम तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर मागता येते. त्यासाठी सगळ्या मालकांचे तपशील आणि फंडाचा सभासद क्रमांक आत्ताच लिहून घ्या. जपानमध्ये सहा महिने किंवा जास्त पेन्शन भरली असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. अमेरिकेत एफ (विद्यार्थी) किंवा जे (एक्स्चेंज) व्हिसावरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कमाई शून्य असली तरी करखात्याचा फॉर्म 8843 भरावा लागतो, आणि त्याची वेळ पुढच्या वर्षी येते, म्हणजे तुम्ही निघून गेल्यावर. मालकाकडे नवा पत्ता दिला नसेल तर वर्षाचा पगार-दाखला जुन्या खोलीवर जाऊन पडतो.

बँक. डिपॉझिट, करपरतावा, विजेच्या बिलाची उरलेली रक्कम, हे सगळं स्थानिक खात्यात येतं. म्हणून खातं निदान तीन महिने चालू ठेवा, त्यात महिन्याच्या शुल्कापुरते पैसे ठेवा आणि कागदी पत्रव्यवहार बंद करून टाका. मात्र एक गोष्ट आताच विचारून घ्या: ‘खातं दूरवरून बंद करता येईल का, आणि कसं?’ काही बँका शाखेत हजर राहायला सांगतात, काहींना सही केलेलं पत्र चालतं. पत्ता बदलताना तुम्ही कोणत्या देशाचे करदाते आहात असं विचारतील. 2014 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या, बँक खात्यांची माहिती एकमेकांच्या करखात्यांना कळवण्याच्या पद्धतीत शंभराहून जास्त देश आहेत, तेव्हा खरंच लिहा. आणि परतल्यावर तुमच्या देशाच्या विवरणपत्रात परदेशी खातं दाखवावं लागतं का ते करसल्लागाराला विचारा. पुष्कळ ठिकाणी लागतं, शिल्लक नगण्य असली तरी.

फोन. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश वाचा. नंबर बंद करण्याआधी एसएमएसचा इनबॉक्स वर्षभर मागे जाऊन चाळा आणि ज्यांनी ज्यांनी कोड पाठवला त्या सगळ्यांची यादी करा. आठवणीने केलेली यादी अपुरी राहतेच. मग प्रत्येक खात्यात जाऊन एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्याचा सहा आकडी कोड फोनमधल्याच गुप्त किल्लीवरून आणि घड्याळावरून बनतो, दर 30 सेकंदांनी बदलतो, त्याला सिम किंवा इंटरनेट लागत नाही. फोनची वेळ हाताने बदलून चुकीची ठेवली तर मात्र कोड नाकारले जातात, तेव्हा वेळ ऑटोमॅटिकवर असू द्या. फोन विकणार असाल तर ॲप आधी नव्या फोनवर हलवा आणि प्रत्येक खात्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवून पासपोर्टसोबत ठेवा.

बँक एसएमएसशिवाय चालतच नसेल तर नंबर सगळ्यात स्वस्त प्रीपेडवर उतरवा आणि रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट आहे ना ते बघा. किती दिवस रीचार्ज नसेल तर नंबर जातो, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. सोडलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. तुमचं खातं त्या नंबरला जोडलेलं राहिलं तर पासवर्ड बदलण्याचा कोड त्या अनोळखी माणसाकडे जाईल.

सगळं बदलल्यावर सिम काढून ठेवा आणि दोन दिवस फोन तसाच वापरा. बँकेत शिरा, मेल उघडा, क्लाउड उघडा. जे अडेल ते अजून तिथे असतानाच दुरुस्त होईल. विद्यापीठाच्या ईमेलवर काढलेली खाती, त्याच्या ड्राइव्हवरच्या फाइली आणि विद्यार्थी परवान्यावरची सॉफ्टवेअरं याच पद्धतीने रिकामी करा. ज्या फाइली दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नाहीत त्या पीडीएफ किंवा सीएसव्ही करून घ्या.

आडवाट:

रोजकीर्द, बाकी सगळं मान्य. बँकेबद्दल थोडं वेगळं मत. तीन महिने ठीक, पण त्यापुढे ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून खातं ठेवू नका. विद्यार्थी खातं वयाच्या किंवा प्रवेशाच्या अटीवर फुकट असतं. ती अट संपली की शुल्क सुरू होतं, शिल्लक वजा होते आणि ते पत्र जुन्या पत्त्यावर जातं. बंद करण्याची तारीख निघण्याआधीच ठरवा.

आता सामान आणि झोप.

विमानात पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा 100 वॉट-तास, 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी, त्यावर नाहीच. पॉवर बँकेवर वॉट-तास छापलेले नसतील तर त्यावरच्या एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्याला 3.7 ने गुणा आणि हजाराने भागा. 20,000 एमएएच म्हणजे 74, 27,000 म्हणजे 99.9. छापील आकडा पुसट झाला असेल तर तपासणीवर काढून घेऊ शकतात. टपालाने पाठवायच्या खोक्यात बॅटरी चुकूनही ठेवू नका, पूर्ण खोकं परत येतं.

विजेची उपकरणं: अडॅप्टरवर ‘100–240 व्ही, 50/60 हर्ट्झ’ असेल तर ते कुठेही चालतं, फक्त पिन बदलायची. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर जवळजवळ सगळे असेच. केस वाळवायचं यंत्र, किटली, इस्त्री मात्र एकाच व्होल्टेजची असतात. 120 व्होल्टचं यंत्र 230 वर लावलं तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे साडेतीन पटीहून जास्त, आणि ते तिथल्या तिथे जळतं. उलट 230 चं यंत्र 120 वर लावलं तर जेमतेम कोमट होतं. असलं सामान तिथेच देऊन टाका.

पुस्तकांनी वजन भरतं. चेक-इन बॅगेला बहुतेक 23 किलोची मर्यादा असते, आणि जादा पैसे भरूनही एक नग साधारण 32 किलोच्या वर घेत नाहीत, कारण ती बॅग माणसाला उचलायची असते. काही देशांच्या टपाल खात्यात छापील मजकुरासाठी ‘एम बॅग’ नावाची स्वस्त सोय आहे. त्यात फक्त पुस्तकं चालतात, कपडे घातले तर अडवतात. खोकं पाठवलंत तर कस्टमच्या कागदावर ‘वापरलेलं घरगुती सामान’ एवढंच न लिहिता वस्तूवार यादी द्या, खोकं सुटायला सोपं जातं. नियमित औषधं मूळ वेष्टनात, औषधाचं जेनेरिक नाव आणि मात्रा लिहिलेल्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. अवधान वाढवण्यासाठी दिली जाणारी ॲम्फेटॅमिनची औषधं काही देशांत, उदाहरणार्थ जपानमध्ये, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. मधल्या विमानतळाच्या देशाचे नियमही बघा. लसीकरणाच्या नोंदी आणि दातांचे एक्स-रे तिथल्या दवाखान्यातून मागून घ्या.

आता झोप. पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो. शरीराचं घड्याळ मुळात 24 तासांहून किंचित लांब आहे, त्यामुळे त्याला उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. आपोआप जुळायला तासाला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे आठ तासांना आठवडाभर. तुमच्याकडे तीनच दिवस आहेत, तेव्हा उजेडाचा वापर करावा लागेल.

नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर आलेला उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो, त्याआधीचा उजेड ती उशिरावर नेतो. तुम्ही तिथे सातला उठत असाल तर तो बिंदू पहाटे चार ते पाच. आठ तास मिळवा, म्हणजे घरच्या घड्याळात दुपारी बारा ते एक. त्यामुळे ‘पोचलात की सकाळी सकाळी उन्हात फिरा’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला तुम्हाला पहिल्या दिवशी उलटा पडेल, घड्याळ चुकीच्या दिशेला जाईल. पहिल्या दिवशी दुपारी एकपर्यंत पडदे ओढलेली खोली किंवा बाहेर गडद गॉगल, आणि एक ते चार भरपूर ऊन. पुढच्या दिवशी सगळं तास-दीड तास अलीकडे.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे निघण्याआधीचे तीन दिवस रोज एक तास लवकर झोपा, एक तास लवकर उठा आणि उठल्या उठल्या लख्ख उजेडात बसा. तीन तास तिथेच मिटतात. मग तो बिंदू घरच्या नऊ-दहाच्या सुमारास येतो, आणि पहिल्या दिवशी दहा वाजल्यापासून ऊन चालतं. मेलाटोनिन घ्यायचं तर पोचलेल्या ठिकाणच्या झोपेच्या वेळी. अर्धा ते पाच मिलिग्रॅम या मात्रेत ते उपयोगी पडतं असं अभ्यासांत दिसलंय. काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि फेफऱ्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नका.

उंबरठा:

शेवटच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे.

तथ्य आहे. परतल्यावरच्या या अवस्थेवर साठ-सत्तर वर्षं लिहिलं जातंय. लिसगार्ड यांनी 1955 मध्ये परदेशी राहणाऱ्यांच्या मनःस्थितीचा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख मांडला: आधी उत्साह, मग घसरण, मग रुळणं. गुलाहॉर्न दांपत्याने 1963 मध्ये त्यात परतीनंतरची दुसरी घसरण जोडली आणि त्याचा डब्ल्यू झाला. पुढच्या संशोधनात मात्र प्रत्येक माणूस असा आखीव वक्रावरून जातो हे टिकलं नाही. कुणाला पहिल्याच आठवड्यात जड जातं, कुणाला तीन महिन्यांनी, कुणाला जवळजवळ काहीच होत नाही. तेव्हा ‘आता माझी घसरण कधी’ म्हणून वाट बघत बसू नका.

परतणं जड जाण्याचं कारण साधं आहे. परक्या देशात जाताना सगळं वेगळं असणार हे गृहीत असतं, घरी परतताना सगळं तसंच असणार हे गृहीत असतं. दोन्ही बाजू बदललेल्या असतात आणि दोघांनाही ते दिसत नाही. तुमच्या खोलीत आता दुसरं कुणी अभ्यास करतं, जेवणाच्या वेळा सरकल्यात, मित्रांच्या गटात तुम्हाला ठाऊक नसलेली नावं आहेत. आणि घरच्यांच्या डोक्यात तुम्ही अजून वर्षापूर्वीच्याच. रात्री उशिरा बाहेर जाताना ‘कुठे निघालीस?’ असा प्रश्न येतो. त्यामागे बहुतेक वेळा निव्वळ काळजी असते, पण वर्षभर कुणी विचारलेलं नसतं म्हणून तो टोचतो.

यावर उपाय आधीच बोलण्याचा आहे. निघण्यापूर्वीच्या एखाद्या निवांत फोनवर आईबाबांशी तीन गोष्टी ठरवा: घरातली कोणती कामं तुमच्याकडे, पैशाचा हिशेब कसा, आणि बाहेर जाताना किती सांगायचं. ‘मला स्वातंत्र्य हवं’ असं मोघम बोललात तर वाद होतो. ‘दहानंतर उशीर झाला तर मेसेज करीन, पण परवानगी विचारणार नाही, चालेल?’ असं विचारलंत तर उत्तर मिळतं. आणि वर्षभरात तिथे जी कामं स्वतः करत होतात, कपडे, बाजार, स्वयंपाक, त्यातलं एक तरी परतल्यावर न सांगता उचला. बदल सांगून पटत नाही तेवढा त्याने पटतो.

लोक ‘कसं होतं तिकडे?’ विचारतात तेव्हा बहुतेकांना दोन मिनिटांचं उत्तर हवं असतं. ते मिळालं की विषय बदलतात आणि आपलं वर्ष कुणालाच ऐकायचं नाही असं वाटून मन खट्टू होतं. छोटी, ठोस गोष्ट तयार ठेवा. सविस्तर बोलायला ज्यांनी हे केलंय अशी माणसं शोधा. तुमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात परतलेल्यांची यादी असते, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना माहिती द्यायला त्यांना माणसं हवीच असतात. तिथे तुमच्या बोलण्याला भुकेला श्रोता मिळतो. घरात मात्र ‘तिकडे असं असतं’ हे वाक्य आवरा. तुलना खरी असली तरी ऐकणाऱ्याला ती स्वतःवरची टीका वाटते.

भाषेचं: बारिक या मानसशास्त्रज्ञाच्या 1984 च्या अभ्यासात शिकलेल्या परक्या भाषेची विस्मृती पहिल्या तीन ते सहा वर्षांत वेगाने होते आणि मग जे उरतं ते दशकानुदशकं टिकतं असं दिसलं. जितकं पक्कं शिकलेलं तितकं जास्त उरतं. म्हणजे परतल्यानंतरची पहिली वर्षंच जपायची. वाचत राहणं सोपं असतं, पण सुटतं ते बोलणं. तिथल्या एका मैत्रिणीशी आठवड्यातला ठरावीक वार आणि वेळ बांधून घ्या. ‘अधूनमधून फोन करू’ म्हटलेले फोन, त्यातही आठ तासांचा फरक असताना, होत नाहीत.

एक गोष्ट गंभीरपणे. उदास वाटणं, चिडचिड, तिथली आठवण येणं हे स्वाभाविक आहे. पण दिवसाचा बहुतेक वेळ उदासी, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, असं सलग दोन आठवडे राहिलं तर त्याला ‘परतीचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नका. विद्यापीठाच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

पैलतीर:

सगळ्यांचे मनापासून आभार. लर्निंग अ‍ॅग्रीमेंट उघडून बघितलं. दुसऱ्या सेमिस्टरचा एक विषय खरंच बदललेला आहे आणि करारात जुनाच आहे. फॉर्म आज पाठवते. एक राहिलं: परीक्षा आणि निघण्याच्या मधले दहा दिवस आहेत. त्यात फिरून येऊ की ही कामं करू?

रोजकीर्द:

फिरून या, पण आधी. शेवटचे चार दिवस शहरातच राहा. खोलीची तपासणी, किल्ल्या, नोंदणी रद्द करणं, सिमशिवायचे दोन दिवस, हे सगळं त्या चार दिवसांत बसतं. त्यातही किल्ल्या देण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एक ठेवू नका. तपासणीत भिंतीचा डाग किंवा बिघडलेला नळ निघाला तर तो दुरुस्त करायला किंवा लेखी हरकत घ्यायला एक पूर्ण दिवस हाताशी हवा.

निशिगंध:

आणि फिरायला निघण्याआधी आंतरराष्ट्रीय विभागातून वास्तव्याचा दाखला घ्या, म्हणजे तुम्ही कधीपासून कधीपर्यंत तिथे शिकत होतात त्याचा. शिष्यवृत्ती दिवसांवर मोजतात, त्यामुळे त्यावरची शेवटची तारीख तुमच्या शेवटच्या परीक्षेच्या आधीची पडली तर काही रक्कम परत मागू शकतात. सही घेतल्यावर काउंटरवरच उभं राहून तारखा वाचा. बदलाच्या फॉर्मला उत्तर तीन दिवसांत आलं नाही तर दोन्हीकडच्या समन्वयकांना एकाच मेलमध्ये घेऊन आठवण करा. वेगवेगळे मेल गेले की दोघंही दुसऱ्याच्या सहीची वाट बघत बसतात.